आयर्लंडमधला लोकल जीएए क्लब: मुलाला घालावं का? हर्लिंग की फुटबॉल?

कॉर्कची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही कॉर्कला असतो, बॅलिनकॉलिगच्या बाजूला. मुलगा सात वर्षांचा. त्याच्या वर्गातली सगळी गँग शनिवारी सकाळी इथल्या जीएए (गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, आयर्लंडच्या देशी खेळांची संस्था) क्लबात जाते आणि आता ह्यालाही जायचंय म्हणून घरात रोज भुणभुण चालूय. क्लबात दोन्ही खेळ आहेत, हर्लिंग पण आणि गेलिक फुटबॉल पण, आणि म्हणे निवड बिवड काही नसते, लहान पोरं दोन्ही खेळतात. मी कुंपणाबाहेर उभी राहून बघितलं तर एवढी एवढीशी पोरं हातात लाकडी हर्ल्या (हर्लिंगच्या काठ्या) घेऊन एकाच बॉलवर तुटून पडलेली, पोटात गोळाच आला माझ्या. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाल्या "अगं हा खेळ आहे की भांडण?" नवऱ्याचं म्हणणं सरळ क्रिकेटला घालू, आपल्याला निदान कळतं तरी काय चाललंय ते.

तर कोणाची मुलं जातात का? डोक्याला वगैरे लागतं का? आपली पोरं तिथे बाजूला पडतात का? आणि तिथल्या एका कोचला मी महिन्याची फी विचारली तर तो नुसता हसला आणि म्हणाला पुढच्या शनिवारी तुम्ही पण या मदतीला, हे काय प्रकरण आहे? आणि तो स्कोअर, 2-14 वगैरे, तो कसा वाचतात कोणीतरी सांगा प्लीज, शाळेच्या गेटवर सगळ्या आया त्यावरच बोलत असतात आणि मी आपली मान हलवते.

बंड्या_डब्लिन

ताई, आधी स्कोअर. गोलपोस्ट इंग्रजी एचसारखा असतो बघा. आडव्या दांडीच्या खालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे 3 पॉइंट. दांडीच्या वरून गेला तर 1 पॉइंट. डॅशच्या आधी गोल, नंतर पॉइंट. 2-14 म्हणजे दोन गोलांचे सहा अधिक चौदा, वीस. 2024 ची हर्लिंग फायनल क्लेअर 3-29, कॉर्क 1-34. करा हिशोब. 38 विरुद्ध 37, तेही एक्स्ट्रा टाइमनंतर! गेटवर हा विषय मात्र जपून काढा हं, तुम्ही कॉर्कमध्ये आहात. फुटबॉलमध्ये 2025 पासून अजून एक भानगड आलीये, 40 मीटरच्या कमानीबाहेरून वरून मारला तर 2 पॉइंट, तेव्हा अंपायर केशरी झेंडा दाखवतो. गोलला हिरवा, साध्या पॉइंटला पांढरा. हर्लिंगमध्ये हे दोन पॉइंटवालं नाही.

आता तो कोच का हसला. कारण तो कोच नाहीये, म्हणजे पगारी नाहीये. तो कुठल्यातरी अंडर-8 पोराचा बाप असणार. हा क्लास नाही ताई, हे आपल्याकडच्या गणेश मंडळासारखं समजा. वर्षाची मेंबरशिप ही वर्गणी, बाकी सगळं कार्यकर्त्यांच्या जिवावर. ग्राउंडवर कोन लावणं, जर्सी धुणं, मॅचनंतर चहा-सँडविच, दर आठवड्याचा क्लब लोट्टो विकणं हे सगळं गावातलेच लोक करतात. आणि हे फक्त लहान पोरांच्या पातळीवर नाही, थेट वरपर्यंत असंच आहे. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये ऐंशी हजार लोकांसमोर ऑल-आयर्लंड, म्हणजे देशपातळीवरची, फायनल खेळणाऱ्यालाही पगार नसतो, तो सोमवारी परत शाळेत शिकवायला नाहीतर ऑफिसला जातो. 1884 मध्ये थर्ल्सच्या एका हॉटेलात ही संस्था सुरू झाली तेव्हापासून खेळाडू हौशीच. मला आधी खोटंच वाटायचं हे.

तुम्हाला मदतीला बोलावलं म्हणजे शुभशकुन आहे. फक्त मुलांबरोबर नियमित काम करायचं तर गार्डा व्हेटिंग (पोलिसांकडून पडताळणी) लागतं आणि मुलांच्या सुरक्षिततेचा एक छोटा कोर्स असतो, क्लबच करून घेतं.

सायली_गॉलवे

माझी मुलगी बारा वर्षांची, कमोगी खेळते. कमोगी म्हणजे मुलींचं हर्लिंग, 1904 पासूनची वेगळी संघटना आहे त्यांची. लागण्याबद्दल मी सांगते कारण पहिली दोन वर्षं मी मॅच चालू असताना गाडीत बसून राहायचे, बघवायचंच नाही.

डोक्याला लागायची भीती वाटते पण तिथे सगळ्यात कमी लागतं. हर्लिंगला जाळीवालं हेल्मेट सक्तीचं आहे, 2010 पासून मोठ्या खेळाडूंनाही, प्रॅक्टिसलासुद्धा. लागतं ते बोटांना. नडगी, ढोपर, बोटं, बोटं आणि बोटं. फुटबॉलला हेल्मेट नाही पण माऊथगार्ड नसेल तर ग्राउंडवर सोडतच नाहीत. आणि सात वर्षांच्या मुलांना खरा स्लिटर (हर्लिंगचा बॉल) देत नाहीत, तो कडक चामड्याचा असतो, 110-120 ग्रॅमचा, त्यांना मऊ बॉल मिळतो. एक गोष्ट मात्र नक्की पाळा, हेल्मेट दुसऱ्याचं जुनं घेऊ नका आणि त्याची जाळी वाकवून, कापून, हे असलं काही करू नका. पोरं मोठी झाली की "दिसत नाही नीट" म्हणून जाळीशी खेळतात, मग लागलं तर क्लबच्या इन्शुरन्समधून काही मिळत नाही.

बाराखालच्या मुलांच्या मॅचेसना गो गेम्स म्हणतात, त्यात सगळ्यांना खेळायला मिळतं, अमका चांगला म्हणून तो आणि तमका बेंचवर असं नाही, फायनल आणि कप पण नाही. हे मला फार आवडलं. आपल्याकडे शाळेच्या टीममध्ये अकरा जण आणि बाकीचे टाळ्या वाजवायला.

मुलगी असेल कोणाला तर आणखी एक, 2025 पर्यंत कमोगीत मुलींना स्कॉर्ट (वरून स्कर्टसारखी दिसणारी शॉर्ट्स) घालायची सक्ती होती! शॉर्ट्स घातल्या तर मॅच होत नव्हती. शेवटी खेळाडूंनीच बंड केलं आणि मे 2025 मध्ये मतदान होऊन नियम बदलला. इतक्या वर्षांनी.

पुणेरी_पॅडी

तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे, क्रिकेटला घाला. इथल्या क्रिकेट क्लबांत आपली मुलं भरपूर आहेत, खेळ आपल्याला येतो, पोराला बाप शिकवू शकतो. ह्या जीएएवाल्यांचा माज असतो. माहितीये का, 1971 पर्यंत त्यांच्या मेंबरने क्रिकेट, रग्बी, सॉकर, हॉकी खेळलं तर त्याला हाकलून देत होते, नुसती मॅच बघायला गेला तरी! "परकीय खेळ" म्हणून.

आणि ते "एक मोठं कुटुंब" वगैरे ठीक आहे पण शनिवार गेला, मंगळवार गेला, व्हॉट्सॲपवर तीन ग्रुप, रविवारी सकाळी दहाला कुठल्यातरी खेड्यात पावसात मॅच. फ्लाइट बुक करताना पोराचं फिक्स्चर बघावं लागतं. विचार करून घ्या उडी.

बंड्या_डब्लिन

पॅडी, बंदीचं खरं आहे, पण ती उठूनही पन्नास वर्षं होऊन गेली की. आणि गंमत सांगू का, संस्था सुरू करणारा मायकेल क्युसॅक स्वतः क्रिकेट आणि रग्बी खेळलेला माणूस. टिपररी, किलकेनी हे आज हर्लिंगचे बालेकिल्ले, तिथे 1870 च्या आसपास गावोगाव क्रिकेट होतं. तो राग इंग्रजांवरचा होता. 1920 च्या नोव्हेंबरमध्ये क्रोक पार्कात मॅच चालू असताना इंग्रजांच्या पोलिसांनी गोळीबार केला, 14 माणसं गेली, त्यात टिपररीचा एक खेळाडू होता, मायकेल होगन. तिथल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे. ज्या मैदानावर हे झालं तिथे 2007 मध्ये इंग्लंडची रग्बी टीम येऊन खेळली आणि त्यांचं राष्ट्रगीत सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माज म्हणा, पण बदलतात लोक.

रविवारच्या पावसाबद्दल काही बोलत नाही. ते खरंच आहे.

लीसाइडचा_लक्ष्मण

कॉर्कवाला आहे, म्हणून बोलतो. क्रिकेट की हर्लिंग हे भांडण मला कळतच नाही, दोन्ही करा की, सात वर्षांचा आहे तो. पण जर हर्लिंग करायचंच असेल तर आत्ताच सुरू करा, कारण फुटबॉल बाराव्या तेराव्या वर्षी सुरू करूनही जमतो, पळता आणि पकडता आलं की झालं, हर्लिंगचं तसं नाही. धावता धावता जमिनीवरचा स्लिटर हर्लीच्या टोकाने उचलायचा, हातात घ्यायचा, आणि कोणी अंगावर यायच्या आत मारायचा. हे हातात लहानपणीच बसतं. उशिरा आलेल्या मुलाला उचलतानाच चार जण घेरतात, मग तो कंटाळून सोडतो.

आणि मिस्टर क्रिकेटवाले आहेत म्हणून हे खास त्यांच्यासाठी. पकड उलटी असते. उजव्या हाताच्या मुलाचा बॅटवर उजवा हात खाली असतो ना, इथे उजवा हात वर, दांड्याच्या अगदी टोकाला. कारण पळताना हर्ली एकट्या उजव्या हातात असते आणि डावा बॉल पकडायला मोकळा. मारताना मग डावा खाली येतो. आपली मुलं घरी बापाबरोबर बॅट धरून येतात आणि इथे तशीच पकडतात, बॉल लागतोही मस्त, लांब जातो, बाप खूश. पण अंडर-10 ला गेल्यावर कळतं की ह्याला एका हाताने काहीच करता येत नाहीये. तेव्हा पहिल्या दिवसापासून उजवा वर. बाकी क्रिकेटचा फायदाच आहे, उंच बॉल खाली येताना घाबरत नाहीत आपली पोरं.

दोन्ही खेळांचं म्हणाल तर कॉर्क म्हणजे त्याचं माहेरच. सेंट फिनबार्स, टोहरचा क्लब, 1876 चा, म्हणजे जीएएपेक्षाही जुना. हर्लिंग आणि फुटबॉल दोन्हीत ऑल-आयर्लंड क्लब चॅम्पियन झालेला पहिला क्लब तोच. मग कितीतरी वर्षांनी जानेवारी 2025 मध्ये डब्लिनच्या कुआलाने ते केलं. आणि जॅक लिंच! 1941 ते 1946 सलग सहा ऑल-आयर्लंड मेडल, पाच हर्लिंगची, एक फुटबॉलचं, नंतर गडी देशाचा पंतप्रधान झाला. क्लबात कोणत्याही म्हाताऱ्यापाशी हे नाव काढा, चहा फुकट.

पण एक सांगून ठेवतो, हे दोन्ही खेळायचं प्रकरण चौदा पंधरापर्यंत गोड असतं. मग हर्लिंगचा कोच म्हणतो मंगळवार-गुरुवार, फुटबॉलचा म्हणतो सोमवार-बुधवार, शाळेची टीम वेगळी, आणि पोराचं शरीर एकच. एका क्लबात (नाव नको) माझ्या मोठ्याला दोन्हीकडून आठवड्यात सहा दिवस बोलवायचे, गुडघा धरून बसला शेवटी. दोन कोच एकमेकांशी बोलायला तयार नाहीत, एकाच बिल्डिंगमध्ये बसून! तेव्हा आईबापांनीच मध्ये पडून नाही म्हणायचं असतं. तुम्हाला अजून सात वर्षं आहेत त्याला.

निमूट_वाचक

बाजूला पडण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या छोट्या गावात आम्ही एकटंच भारतीय कुटुंब होतो. मुलगा क्लबात जायला लागला आणि सुपरमार्केटमध्ये लोक मला त्याचा बाबा म्हणून ओळखायला लागले, त्याआधी नुसते हवापाण्याचं बोलायचे. सगळं गुलाबी नाही, एकदा विरुद्ध टीमच्या पोराने रंगावरून बोललं, रेफरीने थांबवलं, क्लबने लेखी तक्रार केली. संस्थेच्या नियमात वंशद्वेषी बोलण्याला शिक्षा आहे, पण तक्रार करावी लागते, गप्प बसू नका एवढंच.

आणि उदाहरणं आहेत हो. तुमच्या कॉर्कचाच शॉन ओग ओ हॅलपिन, जन्म फिजीचा, आई तिकडची, 2005 मध्ये कॉर्कचा कॅप्टन म्हणून कप उचलला आणि भाषण पूर्ण आयरिश भाषेत केलं. वेक्सफर्डचा ली चिन, वडील मलेशियाचे. झॅक मोराडी इराकमधल्या निर्वासित छावणीत जन्मलेला कुर्द मुलगा, लेट्रिमकडून हर्लिंग खेळला. मेयोचा शायरोझ अक्रम पाकिस्तानात जन्मलेला, 2016 ला अंडर-21 फुटबॉलची ऑल-आयर्लंड जिंकली. आपल्यातलं नाव अजून यायचंय. आपल्या वराडच्या डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर, इथला पंतप्रधान होऊ शकतो तर क्रोक पार्कात एखादा कुलकर्णी का नाही :)

कॉर्कची_आई

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. मिस्टरांना लक्ष्मणदादांचं पकडीचं वाचून दाखवलं, तर लगेच लाटणं घेऊन उजवा वर डावा खाली करून बघत होते, म्हणजे अर्धी लढाई जिंकली. शनिवारी जातोय. अजून दोनच शंका. हर्ली कुठून घ्यायची, दुकानात इतक्या प्रकारच्या आहेत, लाकडी, बांबूच्या, प्लॅस्टिकसारख्या. आणि मिस्टरांची डब्लिनला बदली व्हायची शक्यता आहे, मग क्लबचं काय?

लीसाइडचा_लक्ष्मण

आधी घेऊच नका. पहिले काही शनिवार क्लबच्या पिंपात जुन्या हर्ल्या असतात त्यातली वापरू दे. मग माप असं: मुलाला ताठ उभं करा, हात सरळ खाली, हर्ली पायाशेजारी उभी धरा, वरचं टोक मनगटापर्यंत आलं पाहिजे. वाढत्या अंगाची म्हणून मोठी घेऊ नका, शाळेचा गणवेश नाहीये तो, जड आणि लांब हर्ली एका हातात पेलत नाही आणि मग दोन्ही हातांनी धरायची सवय लागते.

लाकडी म्हणजे ॲश झाडाची, बुंध्याच्या खालच्या भागाची, तिथे मुळाकडे वळताना रेषा वाकतात म्हणून टोकाचा पसरट भाग तुटत नाही. पण 2012 पासून इथे ॲशच्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, जंगलंच्या जंगलं वाळतायत, बरंच लाकूड बाहेरून येतं. म्हणून बांबू आणि सिंथेटिक आल्या. बांबूची टिकते, पोराला चालेल. पण जवळपास हर्ली बनवणारा कारागीर असेल तर एकदा त्याच्याकडे घेऊन जाच मुलाला, हातात देऊन, थोडं तासून, परत हातात देऊन बघतो तो. तुटली की पट्टी मारून दुरुस्तही करून देतो.

बंड्या_डब्लिन

बदलीचं टेन्शन नको. लहान मुलांचं ट्रान्सफर नव्या क्लबात रजिस्टर करताना होतं, दोन्ही क्लबांचे सेक्रेटरी बघून घेतात. फक्त घर ठरवताना क्लब जवळ आहे का बघा, इथले मोठे क्लब अवाढव्य आहेत, काहींच्या नर्सरीत (अगदी लहान मुलांच्या गटात) वेटिंग असतं, मित्रमंडळी त्याच्यावरच ठरतात. आणि कॉर्कची जर्सी घालून डब्लिनच्या ट्रेनिंगला पाठवू नका पहिल्या दिवशी. किंवा पाठवाच, ओळख लवकर होईल. 2025 च्या हर्लिंग फायनलला हाफटाइमला सहा पॉइंटने पुढे असलेल्या कॉर्कने दुसऱ्या हाफमध्ये फक्त दोन पॉइंट केले, त्यावर कोणीतरी त्याला बोलेलच.

लीसाइडचा_लक्ष्मण

बंड्या, ते काढायची काही गरज नव्हती.