हंसीची अंडी घरट्यातच ठेवावीत की उचलावीत?

प्रश्न: आमच्या परसातील हंसी एक दिवसाआड अंडे घालते आहे. पाच अंडी झाली, तरी ती उबवायला बसत नाही; शिवाय जवळ गेल्यास नर अंगावर धावून येतो. अंडी थंड होऊन वाया जातील का?

उत्तर १: काळजी करू नका. पुरेशी अंडी साठल्यावरच हंसी खुडूक होते, म्हणजे उबवायला बसण्याच्या तयारीत येते, आणि छातीची मऊ पिसे घरट्यात पसरू लागते. तोपर्यंत थंड राहिलेल्या अंड्यांत गर्भाची वाढ थांबलेली असते, म्हणूनच पुढे पिल्ले जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात.

उत्तर २: उचलायची असल्यास प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहून ती थंड, सावलीच्या जागी ठेवावीत, रोज कूस बदलावी, मात्र आठवड्याहून फार जुनी होऊ देऊ नयेत. अंडी धुऊ नयेत, कारण कवचावरचे संरक्षक आवरण निघून जाते.

उत्तर ३: नराला मारू नका, तो घरटेच राखतो आहे, मादी चरायला उठली की अंडी पाहावीत. ती बसल्यापासून साधारण ३० दिवस मोजावेत आणि दाणापाणी घरट्याजवळच ठेवावे, कारण या काळात ती फारच कमी खाते.