अनुभव धागा: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले नाले, पुलिया (रस्त्याखालून पाणी नेणारे छोटे पूल) आणि उतारावरचं पाणी

आषाढाआधीच हा धागा काढतेय. टेकड्यांवरचं पाणी गल्लीबोळांतून स्वर्णरेखा नदीकडे धावतं. खडक, पत्रे, सिमेंटचे रस्ते, मुरायला जागाच नाही. जाणकारांनी लिहावं. हकिगती नकोत, कामाचं सांगा.

जुना ओव्हरसियर:
आधी हिशेब. तासाला 50 मिमी पाऊस एक हेक्टर पक्क्या जागेवर पडला की सेकंदाला सुमारे 140 लिटर पाणी. 600 मिमीचा पाइप 1 टक्का उतारावर भरून वाहिला तर 600 लिटर नेतो. पण उतारावरच्या पुलियात पाइप भरतच नाही, तोंड आधी तुंबतं. पाणी तोंडाच्या माथ्याला टेकतं तेव्हा आत जेमतेम 300-350 लिटर जात असतं. तेव्हा मोठा पाइप मागण्याआधी तोंड बघा. टोक भिंतीबाहेर आलेलं असेल तर पाणी अडखळतं. ते भिंतीत बसवून कड गोल करा, बाजूला तिरक्या भिंती घाला. तोच पाइप जास्त पाणी घेईल.

नालाकाठ:
जाळी पाइपाच्या तोंडालाच ठोकतात, ही मोठी चूक. एक ताडपत्री चिकटली की पुलिया बंद! जाळी तोंडाच्या थोडी अलीकडे, मागे झुकलेली, पाइपाच्या छेदाच्या निदान तीन-चार पट मोठी हवी. सळया उभ्याच, म्हणजे दाताळं खालून वर ओढता येतं. वाहत्या पाण्यात उतरून कचरा काढू नका. तोंडाशी ओढ असते, माणूस जाळीला चिकटतो आणि सुटत नाही.

मुरारकर:
ओव्हरसियर काका, आमच्याकडे चढावर काही होत नाही, पाणी खाली सपाटीला बाहेर पडतं. तिथे तर नाला रुंद आहे.

जुना ओव्हरसियर:
तिथेच पडणार. उतार संपला की वेग घटतो, पाण्याची उंची वाढते आणि वरून आणलेली वाळू-विटा तिथेच बसते. गाळ आधी तिथला काढा, आणि काठावर ठेवू नका. पहिल्या सरीत परत आत. (ठेवतात मात्र नेमका तिथेच.) वळणावर बाहेरची भिंत जास्त उंच लागते. पुलियाच्या खालच्या तोंडाशी दगडांचा थर नसेल तर तळ उकरला जातो, मग भिंत, मग रस्ता. कडेच्या डांबरावर अर्धगोल भेग दिसली तर तिथे गाडी लावू नका.

ओटा:
वाळूची पोती गच्च भरू नयेत. अर्ध्याहून थोडी जास्त भरून तोंड खाली दुमडायचं, विटांसारखे सांधे चुकवून रचायचं, पाण्याच्या बाजूला प्लास्टिक. शौचालयातून उलटं पाणी येत असेल तर दारातल्या पोत्यांचा उपयोग नाही. गटाराच्या जोडणीवर एकदिशा झडप (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी) लागते. मेन स्विच पाणी उंबऱ्याला लागायच्या आत बंद करा, कोरड्या पायांनी.

नालाकाठ:
ताई, एक राहिलं. रस्त्यावरचं पाणी जावं म्हणून मॅनहोलचं झाकण उघडू नका. गढूळ पाण्यात भोक दिसत नाही. उघडंच सापडलं तर बांबूला लाल फडकं बांधून उभा करा आणि कोणाला तरी तिथे राखणीला ठेवा. धावतं पाणी 15 सेंमी असलं तरी पाय सुटतात, 30 सेंमीत लहान गाडी तरंगायला लागते.