पट्टकादंबांचा फोटो: मोठी लेन्स घेऊ का?

मानेवाडाकर:
गेले तीन रविवार नागपूरजवळ उमरेड रोडच्या पारडगाव तलावावर जाऊन राहिलो. पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले रानहंस) आहेत, तीसेक तरी. पण मी काठाने पुढे सरकलो की सगळा थवा उठतो आणि मधल्या पाण्यात जाऊन बसतो. माझ्या ७०-३०० मिमी लेन्सने डोक्यावरचे दोन काळे पट्टेसुद्धा येत नाहीत. ६०० ची घ्यावी का?

जुनाबांध:
भाऊ, पैसे राहू द्या. थव्याच्या माना बघा. चरताना सगळ्या खाली असतात. एकाने मान काठीसारखी ताठ केली, मग दुसऱ्याने, की समजा त्यांनी तुम्हाला हेरलं. तिथेच खाली बसा. आणखी एक पाऊल टाकलं की थवा उठलाच. पहिल्या हिवाळ्यात मीही असाच मागे मागे फिरलो आणि दर वेळी त्यांचं चरणं मोडलं, त्याचं अजून वाईट वाटतं. हा पक्षी हिमालय ओलांडून येतो, मार्चच्या सुमारास परत हिमालय ओलांडायचा असतो. ते बळ त्याला इथल्याच गवतावर कमवायचं असतं.

उजाडायच्या आत पूर्वेच्या काठावर पोहोचा, म्हणजे ऊन पाठीशी राहील. मातकट कपडे, बसायला पोतं, बाभळीचा आडोसा. मग हलायचं नाही. मला एकदा दीड तास लागला. थवा चरत चरत आपणच इकडे आला, एक तर वीस पावलांवर. पिवळ्या चोचीच्या टोकाचं काळं नख, त्याला चिकटलेला चिखल, गवत तोडल्याचा कुचकुच आवाज! लेन्स तेव्हा माझ्याकडेही ३०० चीच होती.

गोरेवाडा_पहाट:
नऊनंतरचे फोटो पुसटच येतील. ऊन तापलं की पाण्यावरची हवा लहरते, तिथे ६०० पण काही करत नाही. शटर १/१००० सेकंद, उडताना १/२०००. डोकं पांढरं असतं, एक्स्पोजर जरा खाली ठेवा.

टिबुकली:
दादा, आधी अंबाझरी नाहीतर फुटाळ्यावर हात बसवा. तिथले टिबुकली आणि वारकरी हे पाणपक्षी माणसांना सरावले आहेत. आणि संक्रांतीनंतर कुठल्याही तलावावर गेलात आणि काठच्या झाडांना नायलॉन मांजा लटकलेला दिसला, तर तेवढा गुंडाळून आणा. गेल्या वर्षी मी एक बगळा सोडवला, पंख हाडापर्यंत कापला होता.

मानेवाडाकर:
आज पावणेसहालाच पोत्यावर बसलो. दोनदा माना ताठ झाल्या. मी हललो नाही, परत खाली गेल्या. पावणेआठला नऊ जण चाळीसेक पावलांवर चरत होते. दोन्ही पट्टे आलेत. लेन्स घेत नाही.