वाशी-बेलापूरच्या होल्डिंग पॉन्डमध्ये बारमाही पाणी का ठेवत नाहीत?

वाशीकर_१०ए
मिनी सीशोरजवळचा होल्डिंग पॉन्ड ओहोटीला उघडा पडतो आणि गाळाचा वास सुटतो. यात बारमाही पाणी ठेवून बोटिंग सुरू करावं, असं पत्र महापालिकेला द्यायचं सोसायटीत घाटतंय. ठाण्याचा मासुंदा तलाव वर्षभर भरलेला असतो, मग हा का नाही? हे तलाव कशासाठी बांधले? आणि आत तिवरं माजली आहेत, ती काढता येतात का? जाणकारांनी कृपया सांगावं.

खारबंदिस्ती
ते पत्र देऊ नका. भर पावसात तो तलाव भरलेला असेल तर वाशीचं पाणी जायचं कुठे?

मासुंदा हा कौपिनेश्वराशेजारचा जुना, गोड्या पाण्याचा तलाव. भरती-ओहोटीशी त्याचा संबंध नाही. होल्डिंग पॉन्ड, म्हणजे कागदोपत्री ‘धारण तलाव’, हा पावसाळी पाण्याच्या निचरा-व्यवस्थेचा भाग आहे. त्याचं काम रिकामं राहणं.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली तेव्हा खाडीलगतचा हा पट्टा म्हणजे भातखाचरं, मिठागरं आणि खाजण (भरतीच्या पाण्याची दलदल) होतं. जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली. सगळा पट्टा मुरूम टाकून त्या पातळीच्या वर उचलायचा तर खर्च प्रचंड. म्हणून डच पद्धत घेतली: खाडीच्या बाजूने बांध, आत मोठे तलाव, सगळे पावसाळी नाले त्या तलावांत आणि तलावाच्या तोंडाशी झडपा. कल्पना इथल्या माणसांना नवी नव्हती. आगरी-कोळी गावांच्या खारबंधाऱ्यांना ‘उघाडी’ असायचीच. भरतीत ती खाडीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीत आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. पॉन्डची झडप हेच करते, फक्त ती मोठी आणि लोखंडी असते.

आता हिशेब बघा. समजा तलावाकडे १०० हेक्टरचं पाणी येतं. तासाला ५० मिमी पाऊस पडला आणि सगळं पाणी वाहून आलं, तर तासाभरात ५०,००० घनमीटर, म्हणजे ५ कोटी लिटर. भरतीच्या आगेमागे झडप काही तास मिटलेली असते आणि तेवढा वेळ हे पाणी तलावानेच पोटात ठेवायचं. तलाव ५ हेक्टरचा असेल आणि त्यात १ मीटर गाळ साचला, तर बरोबर तासाभराच्या पावसाची जागा गेली. तुम्ही बोटिंगसाठी मीटरभर पाणी कायम ठेवलंत तरी तेवढीच जागा जाते. मग नाले उलटे भरतात आणि पाणी आधी सखल सेक्टरांच्या रस्त्यांवर येतं. पंप लावतात, पण पंप मदतीला असतात, तलावाची जागा घेत नाहीत.

पाऊणपट
झडप नीट चालते का हे कुणालाही तपासता येतं. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ साधारण निघते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाडीत आत गेलं की थोडा उशीर धरा.

अमावास्येला दुपारी बाराला झडपेपाशी उभे राहा. पाऊस नसताना तलावाची पातळी चढत असेल तर झडप गळतेय. बहुतेक वेळा झडपेची फळी आणि चौकटीच्या मध्ये प्लास्टिक किंवा ओंडका अडकलेला असतो, नाहीतर बिजागरी गंजलेली असते. मग संध्याकाळी सहाला या. खाडीचं पाणी खाली गेलंय आणि तरी आतलं हलत नसेल, तर बाहेरच्या बाजूला गाळ साचून फळी रुतलेली आहे. हा दोष जास्त वाईट, कारण तलाव पुढच्या भरतीआधी रिकामाच होत नाही. तक्रारीत दिवस, वेळ आणि दोन्ही वेळचे फोटो द्या.

वासाचं म्हणाल तर ताज्या खाजणाला खारट वास असतोच. कुजक्या अंड्यासारखा वास मात्र गाळ हवेविना सडल्याचा आहे, आणि पावसाळी नाल्यात कुठेतरी सांडपाणी सोडलेलं असेल तर तो फार वाढतो. ती जोडणी शोधायला सांगा.

कांदळ_चिप्पी
तिवरांबद्दल. नाल्याचं पाणी तलावात आलं की मंदावतं, गाळ खाली बसतो. झडप गळत असली की भरतीबरोबर तिवराच्या बिया येतात आणि त्या गाळात रुजतात. मग त्यांची वर आलेली श्वसनमुळं आणखी गाळ धरतात. तलाव उथळ होत जातो तो असा.

काढणं सोपं नाही, आणि नसावंही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यात कांदळवन (तिवरांचं जंगल) तोडायला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती कायम ठेवली. भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. सार्वजनिक हितासाठी तोड अटळ असेल तर पालिकेला किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, वन विभाग आणि शेवटी न्यायालय असं जावं लागतं. त्यामुळे तिवरं नसलेल्या भागातला गाळ दरवर्षी काढणं हाच आज हातातला उपाय. झाडं वाढायच्या आधी गाळ काढला असता तर हा पेच आलाच नसता.

एक गल्लत टाळा. नेरूळ-सीवूड्सच्या डीपीएस आणि टी. एस. चाणक्य परिसरातल्या पाणथळ जागा होल्डिंग पॉन्ड नाहीत. ठाणे खाडीतला चिखल भरतीने बुडाला की रोहित पक्षी तिथे विसाव्याला येतात. त्या जागांना भरतीचं पाणी आत-बाहेर हवंच. तिथला प्रवाह अडला तर पक्षी जातात. इथे भरती अडवायची, तिथे येऊ द्यायची.

वाशीकर_१०ए
पत्राचा मसुदा बदलतो. झडपेजवळ वीतभर उंचीची रोपं आली आहेत, ती श्रमदानात उपटली तर चालेल?

कांदळ_चिप्पी
नाही, रोपालाही हात लावू नका. प्लास्टिक आणि थर्माकोल काढा, तेही ओहोटीत आणि काठावरूनच. गाळात मांडीपर्यंत पाय रुततो. रोपांचे फोटो वन विभागाच्या कांदळवन कक्षाला आणि पालिकेला एकाच दिवशी पाठवा.

पाऊणपट
आणि पत्र मार्चच्या आत द्या. निविदा निघून गाळ उपसायला एप्रिल-मे लागतात. जूनमध्ये मशीन आत उतरत नाही.