क्लिंचिंग महाग, पण कुणाला?

पत्रे जोडायला क्लिंचिंगचं (वेल्ड न करता, नुसतं दाबून अडकवण्याचं) टूलिंग, म्हणजे पंच आणि डाय, महाग; म्हणून स्पॉट वेल्डिंगच (विजेच्या उष्णतेने ठिपक्या-ठिपक्यांनी जोडणं) परवडतं, असं एक मत आहे. पण हिशोब नुसत्या मशीनच्या किमतीवर थांबवू नका. स्पॉट वेल्डिंगमध्ये गॅल्वनाइज्ड पत्र्यावरचं जस्त वेल्डरच्या तांब्याच्या टिपला चिकटतं, टिप सारखी ड्रेस करावी (घासून पुन्हा आकारात आणावी) लागते. शिवाय वेल्डच्या प्रत्येक टाक्याभोवती कोटिंग जळतं, ते वेगळंच. क्लिंचिंगमध्ये पंच दोन्ही पत्रे डायमध्ये (मागच्या साच्यात) दाबतो आणि ते एकमेकांत अडकतात. ना रिव्हेट, ना हजारो अँपिअर, ना कूलिंगचं पाणी. तपासायला जॉब फाडावा लागत नाही, बटणाच्या (दाबून तयार झालेल्या गोल उंचवट्याच्या) तळाची जाडी मोजली की झालं. (हे माझ्या मते सगळ्यात मोठं सुख!) मात्र शिअरमध्ये (पत्रे एकमेकांवरून सरकवणाऱ्या जोरात) क्लिंचिंगचा एक टाका सहसा स्पॉटइतका धरत नाही, जास्त मारावे लागतात. आणि मागून डाय जायला जागाच नसेल, तर विषय संपला.