डिस्ट्रिब्युटर नवा करून घेतला तरी गाडी मिसिंग करते, टेस्ट कसा करायचा? (तातडीची मदत हवी)

घाटावरचा:
नमस्कार मंडळी. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) पूर्ण खोलून करून घेतला. बुश, पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर, रोटर, कॅप सगळं नवं. सेल्फ मारला की लगेच चालू होते, पण रस्त्यावर काढली की मिसिंग, मध्येच ठिणगी चुकते. ठिणगीचं टायमिंग परत लावून झालं. आता डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून घरच्या ड्रिलवर फिरवून बघता येईल का? भाच्याच्या वरातीला हीच गाडी द्यायचा शब्द दिलाय, लवकर सांगा.

स्पॅनर१७:
अहो, गाडी कोणती? पद्मिनी, अँबॅसिडर, जीप, प्रत्येकाचा डिस्ट्रिब्युटर वेगळा असतो.

घाटावरचा:
अँबॅसिडर मार्क ३, पेट्रोल, १४८९ सीसी. डिस्ट्रिब्युटर मूळचाच, लुकास-टीव्हीएस.

नाशिककर_मोटारवेडा:
पॉइंटचा नाद सोडा आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाका. मी माझ्या गाडीत टाकलंय, तेव्हापासून कॅप उघडलेली नाही.

जुन्या_बाजारातला:
मॉड्यूल टाकलं तरी ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारी आतली वजनं, स्प्रिंगा, व्हॅक्यूम युनिट तेच राहणार ना? दोष तिथे असेल तर मॉड्यूल काय करणार? शिवाय आंबेनळी घाटात मॉड्यूल गेलं तर गाडी टो करावी लागते. पॉइंट मात्र पॉलिश पेपरने घासून घर गाठता येतं.

नाशिककर_मोटारवेडा:
जास्तीचं मॉड्यूल डिकीत ठेवायचं, प्रश्न मिटला.

स्पॅनर१७:
तुमचं भांडण बाजूला ठेवा. घाटावरचा, पॉइंटची गॅप किती ठेवलीय? ०.३५ ते ०.४० मिमी हवी. ड्वेल (पॉइंट जुळलेले राहतात तेवढे अंश) मोजायचा मीटर नसेल तर ड्युटी सायकल दाखवणारा मल्टिमीटर पॉइंटवर लावा. ड्वेल ६० अंश हवा, म्हणजे ९० पैकी ६०, साधारण ६७ टक्के. काही मीटर उलटं मोजतात, त्यांच्यावर ३३ दिसेल. रेस वाढवल्यावर आकडा दोन-तीन अंशांपेक्षा जास्त हलला तर शाफ्टला अजून प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे. बुश ब्राँझचे असतील तर बसवायच्या आधी तेलात मुरवले होते का? कोरडे ठोकले तर लवकर खातात.

ॲम्बीप्रेमी:
फ्युएल पंपाचा डायफ्राम बघा. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं. मी सगळे पाइप बदलले. (कोणाकडे मार्क ३ चे मागचे डोअर हँडल आहेत का?)

घाटावरचा:
पंप नवा आहे. गॅप ०.३८. मीटर ६६ टक्के दाखवतो, रेस दिली तरी फारसा हलत नाही. बुश तेलात मुरवूनच बसवलेत. ड्रिलचं सांगा ना कोणीतरी! सुलटी फिरवायची की उलटी?

नाशिककर_मोटारवेडा:
उलटी. रोटर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो.

जुन्या_बाजारातला:
थांबा, उलटी नको. रोटर उलटा फिरतो तो वरून बघताना. ड्रिल खालून लागते, म्हणून ड्रिल सुलटीच चालवायची. बॉडी ॲल्युमिनियमची आहे, व्हाइसमध्ये लाकडाचे तुकडे घालून धरा. डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे ड्रिलचे १५०० म्हणजे इंजिनचे ३०००. वजनांच्या प्लेटवर खोदलेला आकडा हा डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी सरकते ते), क्रँकवर त्याच्या दुप्पट. आणि दोन्ही स्प्रिंगा सारख्या नसतात, एक हलकी, एक जाड. मिस्त्री मंडळी दोन्ही सारख्या बसवून मोकळी होतात.

स्पॅनर१७:
काढायच्या आधी एक सांगा. मिसिंग नक्की कधी होतं? आयडलला? अर्ध्या रेसला? पूर्ण दाबल्यावर?

घाटावरचा:
ते लिहायचं राहिलं. आयडल उत्तम. सपाट रस्त्यावर हलक्या रेसला झटके देते, चढाला पाय पूर्ण दाबला की सरळ ओढते.

स्पॅनर१७:
मग वजनं-स्प्रिंगांच्या मागे नंतर लागा. हलक्या रेसला इंजिनचा व्हॅक्यूम (हवेची ओढ) पॉइंट बसवलेली प्लेट ओढतो, पूर्ण दाबल्यावर सोडतो. म्हणजे प्लेट हलली की कुठेतरी करंट तुटतोय. व्हॅक्यूमची नळी काढा, कार्बोरेटरकडचं तोंड बंद करा आणि एक चक्कर मारा. मिसिंग गेलं तर कॅप उघडून प्लेट आणि बॉडी यांच्यामधली अर्थची छोटी वायर तपासा. पॉइंटला येणारी वायरही बघा.

जुन्या_बाजारातला:
पटलं. नळी तोंडाने ओढून जीभ लावून धरा. प्लेट सरकून तशीच राहिली तर व्हॅक्यूम युनिटचा डायफ्राम शाबूत.

घाटावरचा:
नळी बंद केली आणि गाडी लोण्यासारखी पळाली! कॅप उघडली. अर्थची वायर वरून अख्खी दिसते, पण प्लेट बोटाने सरकवली की टोकाशी फाकते. ज्यांच्याकडून काम करून घेतलं त्यांनी मूळची विणलेली वायर काढून साधी प्लास्टिकची कडक वायर लावलीय. डायफ्राम धरून राहतो. आता तिथे कोणती वायर लावू?

स्पॅनर१७:
रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे सोल्डर शोषायची तांब्याची विणलेली पट्टी मिळते, ती लावा. थोडी सैल ठेवा, टोकांना लग (स्क्रूखाली धरायची धातूची टोकं) मारा, आणि ती पॉइंटच्या स्प्रिंगला कुठेही टेकत नाही ना, ते प्लेट पूर्ण सरकवून बघा. रोटरखालच्या फेल्टवर तेलाचा एक थेंब सोडा. नळी परत जोडा आणि टायमिंग लाइट लावून बघा, मग वरातीला काढा.

ॲम्बीप्रेमी:
हँडलचं कोणी सांगितलं नाही. डाव्या बाजूचं मिळालं तरी चालेल.