हेडमध्ये स्टड मोडलाय, कसा काढू? (वेल्डिंग मशीन नाही)

अर्धा_मेकॅनिक
नमस्कार मंडळी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर नेणारा भाग) गॅस्केट बदलायला घेतलं. आठ नटांपैकी सात मुकाट्याने निघाले. आठवा, अगदी टोकाचा, जरा फिरल्यासारखा वाटला म्हणून खूश झालो, तर नट स्टडच्या तुकड्यासकट हातात! स्टड (डोकं नसलेला, आट्यांचा दांडा) एम८ बाय १.२५, म्हणजे ८ मिमी जाड, आट्यांतलं अंतर १.२५ मिमी. तो ज्यात बसतो ते हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं. माझ्याकडे हँड ड्रिल, पंच, कानशी, हीट गन आणि गंज सोडवायचं तेल आहे. नवीन घ्यायचंच तर एखादं साधं हत्यार घेईन, त्यापुढे खर्च नको. हेड उतरवायचं नाही. काय करू?

टॉर्क_तात्या
इंडक्शन हीटर घे. ज्योत नाही, आजूबाजूची वायरिंग जळायची भीती कमी. कॉइल सरकवली की थोड्या वेळात नट लाल. मी घेतल्यापासून एकही बोल्ट हरलेलो नाही.

अर्धा_मेकॅनिक
तात्या, एखादं साधं हत्यार म्हणालो हो.

टॉर्क_तात्या
मग ते एकच घे.

चुडी_गेली
इझी-आउटच्या (मोडक्या स्टडच्या भोकात ठोकून तो उलट फिरवायचा कडक दांडा) नादी लागू नकोस, एवढं ऐक. मी लागलो होतो. स्टडला भोक पाडलं, इझी-आउट ठोकला, टी-हँडल लावून जोर दिला आणि 'टिक्'. आता स्टडमध्ये इझी-आउट. तो इतका कडक असतो की साधं ड्रिल वरून नुसतं घासून चकाकी आणतं. शेवटी हेड उतरवून स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारा) न्यावं लागलं. जो स्टड पान्याच्या जोराने मोडला, तो त्याच्याहून बारीक दांड्याने कसा फिरेल, हा विचार मला तेव्हा सुचला नाही.

लेफ्टहँड_लक्ष्मण
+१. त्यापेक्षा डाव्या आट्याचं ड्रिल बिट घे. मशीन उलट फिरवायची. बऱ्याचदा भोक पाडता पाडताच बिट पकडतं आणि स्टड फिरून बाहेर येतो. नाही आला तरी भोक पडलेलं असतंच.

नटसम्राट_नाही
गरम कर, तेल सोड, थंड होऊ दे, परत गरम कर. डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेव.

गंजपुराण
डब्ल्यूडी-४० चा मूळ फवारा त्यासाठी नाही हो. नावातच वॉटर डिस्प्लेसमेंट आहे, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न, १९५३ सालचा. पाणी हटवायला केलेली गोष्ट. गंजात शिरायला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन अर्धं अर्धं.

नटसम्राट_नाही
माझे निघालेत त्याने. किती? मोजले नाहीत.

गंजपुराण
न मोजलेल्या गोष्टीवर काय बोलणार.

स्पॅनरताई
तेलाचं भांडण नंतर करा. @अर्धा_मेकॅनिक, स्टड बाहेर किती उरलाय? यावर सगळं अवलंबून आहे आणि एकानेही विचारलं नाही. आणि ॲसिटोनचं मिश्रण लावलं तर हीट गन जवळ आणू नकोस, पेटतं ते.

अर्धा_मेकॅनिक
ताई, साधारण ४ मिमी.

स्पॅनरताई
मग ड्रिल हातात घेऊच नकोस. वेल्डरला बोलव. एम८ चा नट तुकड्यावर बसवून आतून वेल्ड मारायचा. पोलादाचा वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे हेडची चिंता कमी. बॅटरीची वायर आधी काढ. खरं काम उष्णता करते, स्टडची पकड सुटते. लाली उतरली की हळूच आत-बाहेर. वेल्ड सुटला तर परत मार, दोन-तीनदा लागतो कधीकधी.

चुडी_गेली
ताईंशी सहमत. मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

लेफ्टहँड_लक्ष्मण
ड्रिल करावंच लागलं तर: आधी कानशीने टोक सपाट, मग बरोब्बर मध्यात पंच. ३ मिमीपासून सुरुवात, हळूहळू वाढवत. एम८ बाय १.२५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) ६.८ मिमीच्या भोकात जातो, म्हणजे ६.८ पर्यंत मध्यात राहिलास तर आट्यांना धक्का नाही. बिट तिरकं गेलं की मऊ ॲल्युमिनियमकडे पळतं, मग हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) आलंच.

जुगाडू
घड्याळजी पितळेत मोडलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात विरघळवतात. बघा करून.

स्पॅनरताई
अख्खं हेड पातेल्यात बसवणार का?

सोडून_द्या
एवढा व्याप कशाला? सात नट पुरे झाले की.

चुडी_गेली
टोकाचाच नेमका नको सोडायला. मॅनिफोल्ड तापून लांबीत वाढतं, ताण टोकाच्या स्टडवर. गळती झाली की थंड इंजिनाला टिक-टिक, गरम झालं की गप्प. आणि तो धूर केबिनमध्ये आला तर कार्बन मोनॉक्साइड, वास नाही, रंग नाही.

टॉर्क_तात्या
इंडक्शन हीटर असता तर धागा इथेच संपला असता.

अर्धा_मेकॅनिक
मंडळी, सगळ्यांचे आभार. वेल्डर बोलावला नाही, काही घेतलंही नाही. कानशीने त्या ४ मिमीच्या तुकड्याला समोरासमोर दोन सपाट बाजू केल्या, ६ चा पाना बसेल इतक्या.

स्पॅनरताई
अरे बापरे. मोडला ना?

अर्धा_मेकॅनिक
नाही ताई. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेल. मग हीट गनने स्टडच्या भोवतीचं हेड तापवलं, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. आधी घट्ट करायच्या दिशेने केसभर. किर्र आवाज आला. मग उलट केसभर. पाऊण तास हेच. अर्धा आटा सुटला की परत आत. निघाला तेव्हा बघितलं, तांबडा गंज जवळपास नाहीच. आट्यांत पांढरी भुकटी गच्च, ॲल्युमिनियमची. टॅप हाताने फिरवून आटे साफ केले, नवा स्टड बसला.

स्पॅनरताई
नशीब. पुढच्या वेळी मात्र वेल्ड.

गंजपुराण
अभिनंदन! तेल कोणतं वापरलंत, एवढं सांगा.

अर्धा_मेकॅनिक
डब्यावरचं लेबल केव्हाच गेलंय. हिरवट आहे.